'घाटी' म्हणजे नक्की कोण?

रंकाळावेस
कोल्हापूर जिल्ह्याच्या बोलीतल्या शब्दांचा एक छोटा संग्रह चालू आहे. 'ग' संपला आणि 'घ' वर गाडी अडली. शब्द आहे घाटी.

'घाटात म्हणजे डोंगरात राहणारा' असं लिहून मोकळं व्हावं तर ते कुठंच बसत नाही. मुंबईत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर कुठूनही आलेला माणूस घाटी. सोलापूरकराला गच्चीवर चढून डोंगर दिसत नाही, तरी तो घाटी. आणि गगनबावड्याच्या वरच्या धनगरवाड्यावर जो खरोखर डोंगरात राहतो, त्याला कोल्हापुरात कुणी घाटी म्हणत नाही.

तर नोंद एकच करायची की फोडायची? शिवी म्हणून खूण करायची का? आणि खऱ्या डोंगरातल्या माणसाला आपल्याकडं शब्द कोणता?

तांबडा_पांढरा
कोल्हापुरात घाटी म्हणजे संध्याकाळी पंचगंगा घाटावर बसलेला. विषय संपला. पुढचा शब्द घ्या.

सह्यकडा
विषय आत्ता सुरू झालाय :)

गफलत 'घाट' या शब्दात आहे. आपल्याकडं घाट म्हणजे डोंगर नव्हे, डोंगर ओलांडायची वाट. आंबा घाट, अणुस्कुरा घाट, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली, रामघाट ही सगळी वाटांची नावं आहेत. डोंगररांगेला आपण सह्याद्री म्हणतो. 'वेस्टर्न घाट' हे रांगेला चिकटलेलं नाव इंग्रजी नकाशांतून आलं आणि पुढं 'पश्चिम घाट' होऊन पाठ्यपुस्तकात बसलं.

म्हणून घाटी म्हणजे 'घाट ओलांडून आलेला' किंवा 'घाटाच्या पलीकडचा'. राहतो कुठं याच्याशी त्याचा संबंध नाही, येतो कुठून याच्याशी आहे. सोलापूरकर मुंबईला घाट उतरूनच जातो, म्हणून तो घाटी. धनगरवाड्यावरचा माणूस कोल्हापूरला यायला घाट उतरत नाही, म्हणून तो घाटी नाही. दोन्ही कोडी एकाच चावीनं सुटतात.

पंचगंगाकाठ
यात भूगोलाची एक गोष्ट घाला. सह्याद्री दोन्ही अंगांनी सारखा नाही. कोकणाच्या बाजूनं तो सरळसोट भिंत आहे, देशाच्या बाजूनं हलका उतार. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर. तिथून गगनबावड्याला गाडी चालवत गेलात तर रस्ता थोडाफार वर-खाली होतो, पण आपण मोठ्या डोंगरावर चढलो असं कुठंच वाटत नाही. आणि गगनबावडा ओलांडला की करूळ घाटात दहा-बारा किलोमीटरांत चारशे मीटरांहून जास्त उतरावं लागतं.

खालून बघणाऱ्याला वर डोंगर दिसतो आणि त्यावरून येणारा तो डोंगरावरचा वाटतो. वरून बघणाऱ्याला डोंगर दिसतच नाही, खाली दरी दिसते. म्हणून कोल्हापूरकर स्वतःला डोंगरवासी समजत नाही आणि 'घाटी' ऐकला की आधी त्याला कळतच नाही की हे आपल्याला म्हटलंय.

झिल_वैभववाडीचो
खालच्या बाजूनं हजर! आमच्याकडे 'घाटार' म्हणजे घाटावर, वर, देशावर. घाटार गेलो, घाटावरची भाजी आली, घाटावरचो बैल. यात शिवी नाही, दिशा आहे. कांदा, बटाटा, गूळ, मिरची, ज्वारी वरून यायची, खालून मीठ, सुकी मासळी, नारळ, आमसूल वर जायचं. त्यामुळे 'घाटी' हे मालाचं विशेषण आधी, माणसाचं नंतर, असं मला वाटतं.

आणि तुम्ही आम्हाला 'खालचे' म्हणता ते पण लिहा. 'खाली कोकणात जाऊन आलो' हे कोल्हापुरात प्रत्येकजण म्हणतो.

सह्यकडा
@झिल, मालाचं बरोबर. रस्ते व्हायच्या आधी ही ने-आण बैलांच्या पाठीवर होती. लमाण आणि वंजारी तांड्यांच्या बैलांवर गोणी, म्हणजे दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडपिशवी. घाटात बैलगाडी चढत नव्हती, कारण वाट पायऱ्यांची किंवा नाळेची. नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ, पावसाळ्यात तिचा ओढा होतो. 'माणूस वाट', 'बैल वाट', 'गाडी वाट' असे फरक जुनी माणसं करतात ते यामुळं. बैल जिथून जातो तो घाट, नुसता माणूस जिथून हात टेकत जातो ती शिडी किंवा पाज. नोंदीत 'घाट' देताना हा फरक टाका, फार कोशांत तो नसतो.

आणि घाट म्हणजे जकात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला लेख आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. रांजणात जकातीची नाणी टाकत, ही परंपरेनं चालत आलेली समजूत. ती खरी असो नसो, वाटेवर वसुली होती हे नक्की.

शुद्धलेखन_पोलीस
नोंद एक की तीन, याचा निकाल व्याकरण लावेल. सामान्यरूप बघा.

माणूस या अर्थी घाटी पुल्लिंगी. माळी-माळ्याला तसं घाटी-घाट्याला. अनेकवचन 'ते घाटी', संबोधन 'ए घाट्या'.

विशेषण घाटी विकारी नाही. घाटी मसाला, घाटी मसाल्यात, घाटी बायका, घाटी बोली. काही बदलत नाही.

तिसरी स्त्रीलिंगी. ती घाटी म्हणजे लहान घाट, चढण. घाटीत, घाटीवरून, अनेकवचन घाट्या. मराठवाड्यात ही जास्त चालते.

म्हणजे तीन शब्द आणि तीन नोंदी. मुंबईत आता 'घाटीला बोलाव' असंही ऐकू येतं, माणूस पुल्लिंगी आणि रूप स्त्रीलिंगी. तो हिंदीचा हात. संग्रहात ते चूक म्हणून खोडू नका, 'मुंबई' अशी खूण करून ठेवा.

खाम_नदीकाठ
छत्रपती संभाजीनगरहून. आमच्याकडे घाटी म्हणजे एकच: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. 'जखमींना घाटीत दाखल केले' हे वाक्य रोज पेपरात असतं. कोल्हापूरकर वाचून म्हणतील अपघातग्रस्तांना दरीत कशाला नेलं.

तांबडा_पांढरा
आमच्या सीपीआर रुग्णालयाला घाटी म्हटलं असतं तर पेशंटनं विचारलं असतं, 'आंबा का फोंडा?'

शुद्धलेखन_पोलीस
@खाम_नदीकाठ, 'घाटीत' असंच म्हणता ना, 'घाट्यात' नाही? मग माझ्या तिसऱ्या नोंदीत बसलं. विशेषनाम म्हणून वेगळी ओळ द्यावी.

वृत्तसंपादक_निवृत्त
चौथा अर्थही आता दारात उभा आहे आणि तो थोपवायला हवा. हिंदीत घाटी म्हणजे खोरं. 'कश्मीर घाटी' चं भाषांतर करताना टीव्हीवर सर्रास 'काश्मीर घाटीत बर्फवृष्टी' म्हणतात. मराठीत ते 'काश्मीर खोरे'. २०२० सालच्या बातम्यांत गलवानचंही तेच, 'गलवान खोरे' लिहिणारे आणि 'गलवान घाटी' म्हणणारे एकाच वृत्तवाहिनीत होते. मराठी वाचकाला घाटी म्हणजे चढण, हिंदी वाचकाला घाटी म्हणजे खोलगट. शब्द एक, दिशा उलट.

सह्यकडा
पण हिंदी पट्ट्यातही जुना अर्थ जिवंत आहे. हल्दीघाटी हे खोरं नव्हे, ती खिंडच. अरवलीतली अरुंद वाट, हळदीसारखी पिवळी माती म्हणून हे नाव. १८ जून १५७६ ची लढाई तिथली. आपल्या हिशोबानं ती 'हळदीघाट' किंवा 'हळदखिंड' झाली असती. विशाळगडाच्या वाटेवरची घोडखिंड १३ जुलै १६६० नंतर पावनखिंड झाली, तसली जागा.

झारखंडात घटवाल किंवा घटवार आहेत. डोंगरातल्या घाटवाटा राखायच्या आणि त्या बदल्यात जमीन खायची, त्या वतनाला घटवाली म्हणत. तिथंही घाट म्हणजे वाट, आणि माणसाचं नाव वाटेवरून.

बेळगावी_कुंदा
कन्नडातही तेच. घट्ट म्हणजे घाट. मंगळूर-उडुपीकडे वरच्या लोकांना 'घट्टदवरु' म्हणतात आणि 'घट्टद मेले' म्हणजे घाटावर. गोव्यात 'घांटी'. म्हणजे मुंबई ते मंगळूर अख्खी किनारपट्टी वरच्यांना एकच नाव ठेवते. वरचा मराठी बोलो की कन्नड, खालच्याला फरक पडत नाही. गोव्यात बेळगाव, कोल्हापूर, विजापूर सगळे एका पोत्यात. सीमावादाचा यापेक्षा सोपा तोडगा कुणी काढला नसेल.

आणि डोंगराळ भागाला कन्नडात वेगळा शब्द आहे, मलेनाडु. मले म्हणजे डोंगर. तिथला माणूस मलेनाडिग. तो शब्द मानाचा आहे. 'घट्टदवरु' आणि 'मलेनाडिग' हे दोन वेगळे ठेवलेत त्यांनी. मराठीत डोंगरात राहणारा आणि घाटापलीकडचा यांची सरमिसळ होते ती याच धाग्याच्या पहिल्या ओळीत दिसली.

चटणीवाली_आज्जी
माणसांचं झालं असेल तर मसाल्याचं बोला. मुंबईच्या दुकानात पाकिटावर 'घाटी मसाला' लिहितात. कोल्हापुरात त्याला कुणी घाटी म्हणत नाही. ती नुसती 'चटणी', फार तर 'कांदा-लसूण चटणी'. बाहेरचा माणूस 'चटणी' ऐकून नारळाची समजतो, ही आणखी एक गफलत.

सुगरण_शाहूपुरी
@चटणीवाली_आज्जी, प्रमाण द्या की. संग्रहवाल्यांना वस्तू कळल्याशिवाय शब्द कळायचा नाही.

चटणीवाली_आज्जी
घ्या. एक किलो मिरचीचं. अर्धी ब्याडगी रंगाला, अर्धी संकेश्वरी किंवा जवारी तिखटाला. देठं काढून दोन-तीन कडक उन्हं द्यायची, मोडली की टचकन आवाज आला पाहिजे. धने पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, जिरं पन्नास, खसखस पन्नास. लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडे, दगडफूल, जायपत्री, तमालपत्र प्रत्येकी दहा ग्रॅमच्या आसपास. हळकुंड दोन, हिंगाचा लहान खडा. कांदा अर्धा किलो, लसूण पाव किलो, आलं बोटभर, कोथिंबिरीची एक जुडी. खडेमीठ पाव किलो.

कोरडं सगळं थोड्या तेलावर वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं की खसखस जळते आणि धने कच्चे राहतात. कांदा उभा पातळ चिरून आधी उन्हात सुकवायचा, मग तेलात कुरकुरीत लाल तळायचा. मिरची डंकावर (कुटायच्या यंत्रावर) कुटून घ्यायची, त्यात गरम मसाला कुटायचा, आणि कांदा-लसूण-कोथिंबीर सगळ्यात शेवटी.

बिघडते ती कांद्यानं. आत मऊ राहिला तर चटणीचे गोळे होतात आणि पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. मीठ कमी पडलं तरी तेच. गिरणीत दळली तर चक्की तापते आणि रंग काळपट येतो, म्हणून डंक. बरणी भरताना दाबून भरायची, वर हिंगाचा खडा ठेवायचा, आणि ओला चमचा घालणाऱ्याला घरातनं बाहेर काढायचं.

सुगरण_शाहूपुरी
आलं मी घालत नाही, ओल धरतं. बाकी मान्य. पाकिटातल्या 'घाटी मसाल्यात' कांदा-लसूण बहुतेक पूड करून असतो म्हणून तो टिकतो, आणि म्हणूनच त्याला ती चव नाही.

गडहिंग्लज_मार्केट
संकेश्वरी बघून घ्या. खरी लांब, बारीक, सुरकुतलेली असते, आणि हल्ली त्या नावाखाली दुसरीच मिरची पोत्यात भरलेली असते. बी फार खडखडली तर समजा जुना माल.

रंकाळावेस
चटणी वेगळ्या धाग्यावर न्यायची का? (नोंद मात्र करून घेतली: 'घाटी मसाला, मुंबईतलं नाव, कोल्हापुरात चटणी'. शब्द बाहेरचा, वस्तू आपली.) माझा तिसरा प्रश्न राहिला. खऱ्या डोंगरातल्या माणसाला शब्द कोणता?

नाद_खुळा_२३१
मावळा! याच्या पुढं काय पाहिजे भावा.

गडवाट
मावळा हाही डोंगरवासी नव्हे, निदान मुळात. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची खोरी. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, हिरडस मावळ, गुंजण मावळ. पुण्याच्या बाजूची. शब्द 'मावळणे' शी जोडतात. सूर्य मावळतो ती दिशा, देशावरून बघितली तर पश्चिम. शिरोळ-हातकणंगल्याकडं अजून 'मावळतीला' आणि 'उगवतीला' असंच शेताचा बांध सांगतात. म्हणजे मावळा म्हणजे 'पश्चिमेकडचा'. इथंही डोंगर नाही, दिशा.

त्याच्या जोडीचा शब्द हेटकरी. हेट म्हणजे खाली, हेटकरी म्हणजे खालचा, दक्षिण कोकणातला. शिवकाळातल्या पायदळात मावळे आणि हेटकरी अशी जोडीनं नावं येतात. एक मावळतीचा, एक खालचा.

आज मावळ्याचे अर्थ बघा. शिवाजी महाराजांचा कुठलाही सैनिक, मग तो बागलाणातला असो. निवडणुकीतला कार्यकर्ता. आणि दिवाळीच्या आधी शाहूपुरीच्या, गंगावेशीच्या कुंभार गल्लीत टोपलीत उभा असतो तो चार इंचांचा मातीचा, हातात भाला, ज्याचा भाला घरी पोचेपर्यंत मोडतो. कोल्हापुरातल्या सात वर्षांच्या पोराला मावळा म्हणजे हाच. संग्रहात हा अर्थ पहिला द्या, बोलीत तोच जास्त चालतो.

नाद_खुळा_२३१
हेटकरी म्हणजे खालचा, मग 'हेटाळणी' त्यातनंच आली असणार! वरचे खालच्यांची हेटाळणी करायचे!

शुद्धलेखन_पोलीस
असणार, असणार म्हणून व्युत्पत्ती होत नाही. दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढाच पुरावा आहे. असं करायला लागलं तर हरभऱ्याचे घाटे, त्यावरची घाटेअळी, पीठ शिजवून केलेला घाटा, मूर्तीचा सुबक घाट, लग्नाचा घाट घालणं आणि कागलचे घाटगे सगळे एकाच घाटातून उतरवावे लागतील.

कागलवेस
घाटगे कुठं मध्येच आणले? राजर्षी शाहूंचं जन्मघराणं आहे ते. १८८४ ला दत्तक जाण्याआधी यशवंतराव घाटगे. तेवढं सांभाळून.

शुद्धलेखन_पोलीस
@कागलवेस, तेच म्हणतोय, आणू नका.

हिमशिखर
मावळा म्हणजे 'पश्चिमेचा' हे वाचून शेर्पा आठवले. तिबेटीत शर म्हणजे पूर्व, पा म्हणजे लोक. शेर्पा म्हणजे पूर्वेकडचे. आज जगभर शेर्पा म्हणजे ओझं वाहणारा किंवा शिखरावर नेणारा, इतकं की जी-२० परिषदेच्या वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही 'शेर्पा' म्हणतात. दिशा, मग जमात, मग धंदा, मग पद.

गुरख्याचंही तसंच. गोरखा हे नेपाळातलं ठिकाण, तिथलं राज्य, मग पलटण, आणि मराठीत 'गुरखा' म्हणजे सोसायटीचा रात्रीचा वॉचमन, भले तो कुठलाही असो.

आणि गंमत म्हणून फ्रेंच: 'मोंतान्यार' म्हणजे डोंगरी. फ्रेंच राज्यक्रांतीत प्रतिनिधींच्या सभागृहात उंच बाकांवर बसणाऱ्या जहाल गटाला हे नाव पडलं. पुढं व्हिएतनामच्या मधल्या डोंगराळ भागातल्या जमातींनाही फ्रेंचांनी तेच नाव दिलं. पॅरिसमधले वकील आणि व्हिएतनामातले डोंगराकडचे शेतकरी, एकाच शब्दात.

तांबडा_पांढरा
म्हणजे थेटरात बाल्कनीत बसणारा घाटी. पटलं.

दादर_वाया_कराड
मुंबईतल्या अर्थाबद्दल कुणी नीट बोललं नाही. तिथं घाटी या शब्दात जागेपेक्षा काम जास्त आहे. गिरण्या, गोद्या, बाजार समित्या. देशावरचा गडी एकटा यायचा, गाववाल्यांच्या खोलीत राहायचा, खाणावळीत जेवायचा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची मंडळी डोक्यावर ओझं वाहायच्या कामात शिरली आणि त्यांना कायद्याचं संरक्षण १९६९ च्या माथाडी अधिनियमानं दिलं. या काळात 'घाटी' म्हणजे हमाल, रामागडी, अडाणी, असा सरकला. आता तर मुंबईत कुठल्याही मराठी माणसाला अमराठी माणूस घाटी म्हणतो, त्यात रत्नागिरीचा कोकणीही आला. ज्यानं शब्द काढला त्याच्यावरच तो उलटला.

म्हणून शिवी आहे का, याचं उत्तर: कोण कुणाला म्हणतो ते बघा. वैभववाडीच्या बाजारात 'घाटी कांदा' शिवी नाही. मुंबईच्या ऑफिसात 'कसला घाटी ड्रेस घातलाय' ही शिवी आहे, आणि ती गावाला नाही, ऐपतीला आहे. दोन सातारकर एकमेकांना 'चल रे घाट्या' म्हणतात ती शिवी नाही. तिसरा बाहेरचा तेच म्हणाला तर आहे.

झिल_वैभववाडीचो
रत्नागिरीवाल्याला घाटी म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, हे खरं :)

धामणीखोरं
तिसऱ्या प्रश्नाकडं. कोल्हापुरात डोंगरातल्या माणसाला एकच शब्द नाही, कारण डोंगर एकसारखा नाही. जिल्ह्यात शिरोळला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि गगनबावड्याला ५००० च्या वर. हवामान खातंही 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापूर घाटमाथा' असे दोन वेगळे इशारे देतं. शाहूवाडी, पन्हाळ्याचा पश्चिम भाग, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यातला माणूस पूर्वेकडच्यांच्या तोंडी 'डोंगराकडचा' किंवा 'जंगलातला'. 'घाटमाथ्याचा' हा पेपरातला शब्द.

अगदी वर जे राहतात ते बहुतेक डांगे धनगर. डांग म्हणजे डोंगर आणि रान. वस्तीला धनगरवाडा म्हणतात, आणि माणसाला 'वाड्यावरचा'. म्हशी पाळतात, नाचणी-वरी करतात. हे आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेत दिसणारे घोंगडं-मेंढरंवाले धनगर वेगळे, एकाला दुसऱ्याच्या नोंदीत घालू नका. धनगर ही जात, डांगे हा पत्ता. आणि शहरात 'वाडा' म्हणजे चौसोपी, तर इथं वाडा म्हणजे गवताच्या छपराची पाच-सहा घरं. 'वाड्यावर राहतो' असं ऐकून शहरातला माणूस उगाच दबतो.

वृत्तसंपादक_निवृत्त
सरकारी शब्द 'डोंगरी'. डोंगरी विकास कार्यक्रमात तालुक्यांचे पूर्ण गट आणि उपगट पाडलेत. डोंगरी किल्ला, डोंगरी आवळा, डोंगरी तालुका ठीक, पण 'तो डोंगरी आहे' असं माणसाबद्दल कोल्हापुरात कुणी म्हणत नाही. मुंबईत डोंगरी म्हटलं तर मोहल्ला. जम्मूची डोगरी ही भाषा, तिच्यावर अनुस्वार टाकू नये, दर वेळी कुणीतरी टाकतोच.

'पहाडी' मराठीत फक्त आवाज असतो, शाहिराचा. हिंदीत पहाडी म्हणजे माणूस. आणि २०२४ च्या दुरुस्ती कायद्यानं जम्मू-काश्मीरच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'पहाडी' हा गट आला. तिथं या शब्दाच्या व्याख्येवर दाखला ठरतो. आपण इथं चटणीवर भांडतोय.

कोशकार्ड
@रंकाळावेस, कामाचं सांगतो. 'घाटी म्हणजे काय?' असं विचारू नका. विचारलं की माणूस पाठ्यपुस्तक बोलतो, 'घाटात राहणारा'. उलटं विचारा: 'आंबा उतरून खाली गेलं की तिथली माणसं तुम्हाला काय म्हणतात?' 'वाड्यावरनं दूध घालायला येतो त्याला गावात काय म्हणता?' शब्द आपोआप पडतो.

एका वापराला एक कार्ड. वर शब्द, खाली वाक्य जसंच्या तसं, मग लिंग आणि सामान्यरूप, गाव आणि तालुका, बोलणाऱ्याचं अंदाजे वय, आणि कुणी कुणाला म्हटलं. ही शेवटची ओळ लोक गाळतात आणि नेमकी शिवी की नाही ते तिथंच असतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन तोंडांतून आल्याशिवाय अर्थ पक्का धरू नका. व्हॉट्सॲपवरचं एकच वाक्य दहा जणांनी पाठवलं तर तो एक पुरावा, दहा नव्हेत. आणि अर्थ लिहिताना 'राहणारा' लिहिण्याआधी थांबा, कारण या धाग्यातल्या निम्म्या शब्दांत तो चुकला असता.

रंकाळावेस
सगळ्यांचे आभार. मसुदा असा:

घाटी¹ वि. (अविकारी) घाटावरचा, देशावरचा (माल, मसाला, भाजी, बोली). कोकणातून व किनारपट्टीवरून बघणाऱ्याचा शब्द. 'घाटी कांदा'. पहा: चटणी.

घाटी² पु. (घाट्याला, अव. घाटी) घाट उतरून आलेला, देशावरचा माणूस. मुंबईत हीनार्थी: हमाल, गावंढळ, अलीकडं अमराठी तोंडी कोणताही मराठी माणूस. आपसात सलगीनं 'घाट्या'. कोल्हापुरात स्वतःसाठी वापर नाही.

घाटी³ स्त्री. (घाटीत, अव. घाट्या) लहान घाट, चढण. छ. संभाजीनगर: शासकीय रुग्णालय. हिंदीतला 'खोरे' हा अर्थ मराठीत टाळावा.

डोंगरातल्या माणसासाठी 'डोंगराकडचा', 'वाड्यावरचा' अशा स्वतंत्र नोंदी. मावळ्याला मातीच्या मावळ्यापासून सुरुवात.

शुद्धलेखन_पोलीस
'टाळावा' हे संग्रहाचं काम नाही. 'हिंदीवरून' एवढंच लिहा.

दादर_वाया_कराड
घाटी² चं स्त्रीरूप राहिलं. घाटीण. ते मुंबईत पुरुषरूपापेक्षा जास्त टोचून वापरतात, त्यामुळं वेगळी ओळ.

झिल_वैभववाडीचो
आणि पहिल्यात 'घाटार' घाला. कोल्हापूर जिल्ह्याचा संग्रह असला तरी तो शब्द तुमच्याकडंच बोट दाखवतो.

रंकाळावेस
@शुद्धलेखन_पोलीस बदललं. @दादर घाटीण घेतली. @झिल, 'घाटार' ला तीन तोंडं पाहिजेत, तुमचं एक झालं. अजून दोन पाठवा.

झिल_वैभववाडीचो
रविवारी बाजार आहे. दोन काय, दोनशे देतो.